सगळे हो म्हणत होते

बेळगाव
२६ ऑक्टोबर २०२५

बुद्धप्रिय, जयभीम.

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. हे आरोही चुकून बोलून गेली, तुझ्या लेकीला त्यावरून रागवू नकोस. म्हणून कंपनीच्या पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. तिकडं तमिळनाडूत, होसूरला मराठी कुणी उघडून वाचणार नाही, एवढं एक बरं आहे.

आई बरी आहे. खोकला आहे, पण तो तिला जन्माचाच.

गेल्या आठवड्यात बँकेच्या कामासाठी उद्यमबागेतल्या कारखान्यांकडं गेले होते. तू अठरा वर्षं जिथं काढलीस त्या फौंड्रीतही गेले. एकच पाळी चालू आहे. मशीन शॉपचा अर्धा भाग अंधारात होता आणि तयार माल भिंतीला लावून रचलेला. गेटवर कंत्राटी कामगार बसले होते. त्यातल्या एकानं मला ओळखलं. म्हणाला, "आठवड्यातनं तीनच दिवस बोलवाय लागल्यात आक्का. अमेरिकेनं कर वाढवलाय न्हवं." मी लगेच तिथून निघाले.

तुझं वर्कशॉप उभं राहिलं असतं तर आज त्यात काय चाललं असतं, हा हिशेब मी तुला मांडून दाखवणार नाही. 'मी म्हटलं होतं' असं म्हणायलाही हे लिहीत नाही. पण त्या दिवसाबद्दल माझी बाजू तू कधी ऐकूनच घेतली नाहीस, ती एकदा लिहिते.

एप्रिलची वीस तारीख, रविवार. निपाणीच्या विहाराचा हॉल भरलेला. चाळीस घरं तरी असतील, बहुतेक विड्या वळणाऱ्या बायका. तू आणि तुझा मित्र ओमकार मिळून निपाणीतच वर्कशॉप काढणार, हायड्रॉलिकचे भाग करणार, आपल्या गल्लीतल्या पोरापोरींना शिकवून तिथंच कामाला घेणार. प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीनं वाटा घालायचा. विडीचं काम वर्षावर्षाला कमी होतंय, त्यामुळं सगळ्यांचे कान तुमच्याकडं लागलेले. ओमकार कडोलीचा, शेतकऱ्याच्या घरचा, पण बोलायला उभा राहिला की माणसांना उठवून बसवतो. "अमेरिकेनं कर लावला आनि आठ दिसांत थांबवला! का? आपल्याबिगर त्यांचं चालत न्हाय! आत्ता न्हाय तर कवा?" टाळ्या काय, शिट्ट्या काय. गल्लीतल्या मंगलनं पदर खोचला आणि पहिला हात वर केला. "माझ्या दोन्ही पोरींच्या नावानं लिवा." मागोमाग हात वर जायला लागले.

मग तू म्हणालास, "पहिला वाटा माझ्या आक्काचा. बँकेतल्या बाईनं घातला म्हटल्यावर तुमाला भ्या न्हाय. आक्का, बोल."

मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी आत्ता पैसे घालणार नाही. वर्षभर थांबावं असं मला वाटतं."

एवढंच बोलले. मंगलचा हात खाली आला, मग बाकीचे आले.

तीस वर्षं मी कर्जाच्या टेबलावर बसले. माणसं खूश असतात तेव्हा काय काय सही करतात ते बघितलंय. मार्चपासूनच फौंड्र्यांचा माल पडून राहायला लागला होता. कागदात मला ते दिसत होतं, आणि बँकेत बसून जे दिसतं ते बाहेर बोलायचं नसतं. सभेत मी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त थांबा म्हटलं. चाळीस घरांचा घास वाचला असं माझं मन मला सांगतं.

यंदा धनत्रयोदशीला खडेबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सोन्याचा भाव कधी नव्हे एवढा वर, आणि तरी सराफांच्या दारात रांगा. बायका हसत होत्या, पोरं खांद्यावर. एवढी माणसं एकदम निर्धास्त दिसली की मी तिथून काढता पाय घेते. लोकांच्या आनंदात मला कधी मिसळताच आलं नाही. हा दोष आहे की शहाणपण, मला ठरवता येत नाही.

तब्येतीला जप. तिथं भाकरी मिळत नसेल.

तुझी आक्का


निपाणी
२३ नोव्हेंबर २०२५

बुद्धप्रिय,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असणार.

रविवार म्हणून आईकडं आले आहे. माधवी शिलाईचं काम घेऊन बसली आहे. तुझ्याबद्दल ती माझ्याशी बोलत नाही आणि मीही विचारत नाही. चहा मात्र तुझ्या बायकोनं न मागता दिला.

आज जयाबाईंच्या बंद दारासमोरून आले. तुला त्या आठवत असतीलच. आईच्या शेजारी बसून विड्या वळायच्या, आणि आप्पा गेले त्या वर्षी, तू दहा-बारा वर्षांचा असताना, आपण दोघं सहा महिने त्यांच्याकडंच जेवत होतो. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. आईलाही नाही.

मी बँकेत नवी नवी क्लार्क होते. निपाणीत तेव्हा एक पतसंस्था जोरात होती. व्याज भरपूर, दिवाळीला पेढे, वर्धापनदिनाला बँड. विडी कामगार बायकांचा सगळा पैसा तिथं. आमच्या शाखेत त्या संस्थेचे चेक परत जायला लागले ते मी माझ्या डोळ्यांनी बघितले. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आले आणि आईच्या नावावरची ठेव मोडली. परत येताना जयाबाई दारात विड्यांची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "का काढलीस गं? व्याज तर लई चांगलं देत्यात."

मी म्हटलं, "परीक्षेची फी भरायची हाय."

दोन महिन्यांनी संस्थेला कुलूप लागलं. जयाबाईंच्या सुनीताचं लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. पुढं कितीतरी दिवस त्या कुलपासमोर जाऊन बसायच्या. सुट्टीच्या दिवशी आले की मी जेवणाचा डबा घेऊन जायची, आईच पाठवायची. त्या म्हणायच्या, "तुमचं बरं झालं बाई, फीसाठी म्हणून निघालं. नशिबाचं हाय." माझ्या हातचं जेवायच्या आणि असं म्हणायच्या.

त्यानंतर मी ठरवलं होतं की पुन्हा असं कधी दिसलं तर गप्प बसायचं नाही, कुणाला कसंही वाटो. एप्रिलमध्ये त्या हॉलमध्ये मी जयाबाईंकडं बघून बोलले, बुद्धप्रिय. त्या जाऊन अकरा वर्षं झाली तरी.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. हे कळल्यावर तुझा राग थोडा निवळेल असं वाटतं. खरं सांगायचं तर तो निवळावा म्हणूनच लिहिलं.

आई झोपली आहे. तुझी आठवण काढते.

आक्का


बेळगाव
१९ डिसेंबर २०२५

बुद्धप्रिय,

आई दवाखान्यात आहे. आज आठ दिवस झाले. माधवीनं तुला कळवलंच असेल.

पहिल्या पत्रात बरी आहे म्हणून लिहिलं, तेव्हाही ती बरी नव्हती. छातीचा फोटो काढून झाला होता. डॉक्टर म्हणाले, पन्नास वर्षं तंबाखूची धूळ आत गेली आहे, आता फुप्फुसात फारसं काही राहिलेलं नाही. तुला लिहिलं असतं तर तू धावत आला असतास, नवी नोकरी, रजा मिळाली नसती. असं मी स्वतःला सांगितलं. आता लिहिताना दिसतंय की मला तू यायला नको होतास. तू आलास की आई आपल्या दोघांना एकत्र बसवणार, आणि मग ते निघणार.

ते आज निघालंच. दुपारी तिला जरा हुशारी वाटत होती. नाकातली नळी सावरत म्हणाली, "त्यो येत न्हाय व्हय?"

"सुट्टी मिळत नसंल आई."

"तुझ्यामुळं येत न्हाय."

मला राग आला. आजारी माणसावर येऊ नये तो आला. "मग काय खोटं बोलाय पायजे होतं मी? एवढ्या लोकांचं वाटोळं झालं असतं तर?"

"सभेत खरं बोललीस. त्याला कुठं काय म्हनतोय मी?" दम खाऊन ती पुढं म्हणाली, "त्यानं इचारलं तवा काय म्हनालीस?"

"कवा?"

"फोनवर गं. मी तितंच बसलोतो की. त्यो त्या फोनचा आवाज मोठा करूनच बोलतोय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग तिनंच डोळे मिटून घेतले.

बुद्धप्रिय, तू हे कुणाला सांगितलं नाहीस, हे मला त्या वेळी कळलं. ओमकारला नाही, माधवीला नाही. गल्लीत लोक म्हणतात, 'पक्कं काय नसताना नोकरी सोडली, येडाच म्हनायचा.' तू ऐकून घेतलंस आणि होसूरला निघून गेलास.

मी सगळं लिहिते. अठ्ठावीस मार्च, शुक्रवार, जेवणाची सुट्टी. तू रजेवर होतास, निपाणीच्या घरातूनच तुझा फोन आला. "आक्का, साहेबांचा फोन आलाय, म्हनत्यात आत्ताच सांग, राजीनामा देनार काय न्हाय. देऊ काय? तुझं पैशाचं पक्कं हाय न्हवं?"

मी म्हटलं, "दे की रं. मी हाय न्हवं."

तेव्हा माझ्या टेबलावर तुझ्याच फौंड्रीचे कागद होते. गोदामात किती माल पडून आहे ते मी सकाळीच वाचलं होतं. पैसे घालायचे नाहीत हे मी मनात ठरवून टाकलं होतं. तरी तोंडातून ते निघालं. का निघालं ते मी नऊ महिने शोधते आहे. तुझा आवाज फार आनंदी होता. एवढा आनंदी आवाज तुझा मी आप्पा गेल्यापासून ऐकला नव्हता. वाटलं, आज नको, रविवारी निपाणीला जाऊन समोर बसून सांगू. रविवारी तू शेडची जागा दाखवायला नेलंस, कुठलं मशीन कुठं बसणार ते पावलांनी मोजून दाखवलंस. तिथंही सांगवेना. पुढच्या रविवारी तू मशीनचा ॲडव्हान्स भरून आला होतास. असे तेवीस दिवस गेले.

हॉलमध्ये मला बोलता आलं, कारण तिथं चाळीस घरं होती. मला तुझ्या एकट्याकडं बघायला लागलं नाही.

जयाबाईंचं जे लिहिलं ते खोटं नाही. पण ते मी पुढं केलं आणि हे मागं ठेवलं.

आईला बघायला ये. मी त्या वेळी दवाखान्यात थांबणार नाही. तू सांगशील ती वेळ.

आक्का


बेळगाव
२५ जानेवारी २०२६

बुद्धप्रिय,

आईच्या अंत्यविधीला तू सकाळच्या गाडीनं आलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. त्रिसरण, पंचशील म्हणताना तू पुढं होतास आणि मी मागं बायकांत. तुझे केस पांढरे झालेत. बूट कंपनीचेच होते, लोखंडी टोकाचे. ड्युटीवरून तसाच निघालास वाटतं.

परत निघताना नळाजवळ तू थांबलास आणि एवढंच विचारलंस, "शेवटी तरास झाला काय तिला?"

मी म्हटलं, "न्हाय. झोपेतच गेली."

तू मान हलवलीस आणि गेलास.

ते खरं नव्हतं. रात्री नऊ वाजल्यापासून अकरा वाजेपर्यंत ती श्वासासाठी झगडत होती. पूर्ण शुद्धीवर होती. दोनदा दाराकडं बघून म्हणाली, "आला काय?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "वाटेत हाय." तेव्हा तुला फोन लागलेलासुद्धा नव्हता, माधवी बाहेर उभी राहून लावतच होती.

आता तू म्हणशील, हे कळवून काय मिळवलंस? खोटंच राहू द्यायचं होतंस. पंधरा दिवस मीही हाच विचार केला. पण तुला तोंडावर गोड सांगायचं आणि खरं मागाहून, असं मी एकदा केलं आणि त्यात तुझं घर उठलं. हे दुसऱ्यांदा झालं. निदान या वेळी मागाहूनचं खरं तुझ्या एकट्याच्या हातात देते, चारचौघांत नाही. वाचून माझा राग कर. आईनं तुझी वाट बघितली हे तुझं आहे, ते माझ्याकडं ठेवून घेण्याचा मला अधिकार नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाला बरीच माणसं आली होती. जेवणं झाल्यावर नागोजी गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. आईबद्दल चार शब्द बोलले आणि मग हळूच म्हणाले, "म्याडम, चांदीत घालू काय म्हनतोय थोडे. जो त्यो म्हनतोय, आजून वर जानार. पेन्शनचं साठलेलं हाय." पलीकडं दोघंतिघं तेच बोलत होते. कुणाचा भाचा मोबाइलवर शेअर घेतो, कुणाचं दुप्पट झालं. आईच्या फोटोपुढची मेणबत्ती जळत होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच एप्रिलची चमक होती.

मी म्हटलं, "गुरुजी, मला ठाऊक नाही."

त्यांना ते आवडलं नाही. त्यांना हो म्हणणारं माणूस पाहिजे होतं. ते उठून दुसरीकडं गेले.

आक्का


बेळगाव
८ मार्च २०२६

बुद्धप्रिय,

तुझा निरोप माधवीनं सांगितला. 'आक्काला म्हणावं, पत्रं वाचली. आता लिहू नको.' तिनं तुझ्या आवाजात न सांगता सरळ सांगितलं, ते बरं झालं.

म्हणून हे शेवटचं. यातलं तुला कळलंच पाहिजे.

गेल्या महिन्यात ओमकार बँकेत आला होता. कडोलीहून येऊन-जाऊन पुन्हा दुसऱ्याच्याच कारखान्यात कामाला लागलाय. म्हणाला, "आक्का, अमेरिकेचा कर कमी व्हायलाय म्हनं, पेपरात आलंय. ऑर्डरी निघतील. तुमी वरीसभर थांबा म्हनालतासा. वरीस झालंच की." तो टोमणा मारत नव्हता. खुर्चीत टेकून बसला आणि म्हणाला, "पर आता थांबून कोन ऱ्हायलंय?" मी वर्षाचा अंदाज बरोबर बांधला होता, बुद्धप्रिय. कागदावर तो बरोबरच आहे. त्या वर्षात तू गेलास, आई गेली, शेडची जागा दुसऱ्यानं घेतली.

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी पाच मिनिटं मागून घेतली. तोच हॉल. माणसं निम्मीच होती. मी उभी राहून सांगितलं की बुद्धप्रियनं नोकरी सोडायच्या आधी मला विचारलं होतं. मी दे म्हटलं होतं. पैसे घालायचे नाहीत हे तेव्हाच माझ्या मनात ठरलं होतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही. तो वेडा नव्हता. त्यानं बहिणीवर विश्वास ठेवला, आणि बहिणीनं त्याला सगळ्यांसमोर खाली पाडलं.

मला वाटलं होतं, लोक काहीतरी बोलतील. कुणी चिडेल, कुणी रडेल. मला ते हवंच होतं म्हण. कुणीतरी "बरं झालं सांगितलासा" म्हणालं. एकीला बस गाठायची होती, ती उठली.

चपला घालताना मंगल जवळ आली. म्हणाली, "आक्का, एक बोलू काय? राग मानू नगासा. तुमी थांबा म्हटलासा म्हनून आमी थांबलो, असं तुमाला वाटतंय. आमाला पयल्यापास्नंच भ्या वाटत हुतं."

"तू तर पहिला हात वर केलतीस."

"सगळी टाळ्या वाजवाय लागल्यावर एकटीनं गप बसायचं कसं? हात वर केला आनि लगीच वाटलं, घरात धनी काय म्हनतील, पोरींचं काय हुईल. तुमी बोललासा आनि सुटल्यागत झालं. माझ्या शेजारची तर म्हनली बी, बरं झालं, आता म्याडमवर घालाय येतंय." तिनं चपलेत पाय सरकवला. "म्हंजे बुद्धप्रियदादाला आमीबी न्हाय म्हनालोच की. फकस्त तुमच्या तोंडानं."

ती गेली तरी मी तिथंच उभी होते. त्या दिवशी त्या हॉलमध्ये एवढी आशा दाटलेली बघून मला भीती वाटली होती. सगळे हो म्हणतायत आणि मी एकटीच शहाणी आहे असं वाटलं होतं. तिथं माझ्यासारख्याच सगळ्या होत्या. हात वर होते आणि भीती तीच होती. खरोखर भरवसा असलेला तिथं तू एकटा होतास.

वर्कशॉप झालं नाही त्याचं ओझं मी वर्षभर एकटी वाहत होते. मंगलनं आणि तिच्या शेजारणीनं त्यातला आपापला वाटा उचलून नेला. उरलं ते फोनवरचं. ते माझ्या एकटीचं आहे. त्यात वाटेकरी कुणी नाही.

माधवी आणि आरोही परवा सकाळी दहाच्या गाडीनं निघतात. आरोहीचं पुढचं शिक्षण तिकडंच करायचं ठरलंय, घराची किल्ली शेजारी देणार आहेत. मी स्टँडवर येणार होते. माधवी म्हणाली, "आक्का, येऊ नगासा. ती आधीच रडाय लागलीया. तुमास्नी बघितलं की ती जायची न्हाय."

मी हो म्हटलं. मग लगेच म्हटलं, "माधवी, मला यायचं होतं. तू नको म्हणालीस त्याचं वाईट वाटलं." ती गप्प झाली. तोंडावर खरं सांगितलं की माणूस असं गप्प होतं, आणि त्या गप्प बसण्यासमोर उभं राहायला लागतं. मी उभी राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मलाबी वाईट वाटतंय. पर येऊ नगासा."

परवा दहा वाजता मी बँकेत असेन.

रचना